दुखणं आणि संमोहन: सांगली-मिरजेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेच्या दवाखान्यांत सांगली जिल्ह्यातून, सोलापूरकडून आणि कर्नाटकातल्या गावांतूनही रुग्ण येतात. कुणाची पाठ वर्षानुवर्षं धरलेली असते, कुणाचं भाजल्याचं ड्रेसिंग चालू असतं, कुणी ऑपरेशनच्या धास्तीनं जेवण सोडलेलं असतं. संमोहनाबद्दल हे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. निदान आधी, संमोहन नंतर, आणि चालू औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाहीत, एवढं गृहीत धरून पुढचं वाचावं.

संमोहन म्हणजे झोप का?

नाही. माणूस जागा असतो. त्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, तो उत्तर देतो, नाकावर माशी बसली तर हाकलतो. लक्ष मात्र एका ठिकाणी इतकं एकवटतं की बाकीचं सगळं मागे सरतं. कुस्तीच्या आखाड्यात फुटलेला ओठ घरी गेल्यावर झोंबायला लागतो. भजनात रात्रभर टाळ धरून उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय सकाळी बोलतात. ही ताकद प्रत्येकाकडे कमीअधिक असते. उपचारात ती ठरवून आणि ठराविक कामासाठी वापरतात.

झोपेचा गैरसमज इंग्रजी नावामुळे पसरला. १८४३ साली जेम्स ब्रेड या शल्यविशारदानं झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं 'हिप्नॉटिझम' हे नाव आपल्या पुस्तकात वापरलं आणि तेच रूढ झालं. त्याच्याही आधी, गोव्यात कांदोळीला जन्मलेल्या आबे फारिया या धर्मगुरूनं पॅरिसमध्ये सांगितलं होतं की हे सगळं घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलीही चुंबकशक्ती बाहेर पडत नाही. पणजीत त्यांचा पुतळा आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं हे म्हणणं आजच्या समजुतीशी चांगलंच जुळतं.

मग दुखणं कमी कसं होतं? ते खोटं होतं का?

खरंच होतं. जखमेकडून मेंदूकडे संदेश जातो, पण 'दुखतंय' हा अनुभव मेंदूत तयार होतो आणि त्याचे दोन पदर असतात. एक म्हणजे कळ किती जोराची आहे, आणि दुसरा म्हणजे तिचा त्रास किती होतोय. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी १९९७ साली लोकांचे हात सुमारे ४७ अंशांच्या गरम पाण्यात ठेवून, संमोहनात फक्त त्रास वाढवण्याच्या किंवा कमी करण्याच्या सूचना दिल्या. तेव्हा मेंदूच्या पुढच्या आतल्या भागातली हालचाल त्याप्रमाणे बदलली. स्पर्श आणि तीव्रता नोंदवणारा भाग तसाच राहिला. सूचना बदलली की परिणामाची जागाही बदलते. म्हणून 'दुखणं लांब गेलंय' आणि 'दुखणं आहे, पण त्याचं काही वाटत नाही' या दोन वेगवेगळ्या सूचना आहेत आणि दोन्हींचा उपयोग वेगळा आहे.

आणखी एक गोष्ट. मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन हे औषध दिलं तरी संमोहनानं आलेलं बधिरपण उतरत नाही, असं १९७५ सालच्या प्रयोगात दिसलं. म्हणजे शरीरातल्या मॉर्फिनसारख्या रसायनांवरच सगळा खेळ चालतो असं नाही.

कोणत्या दुखण्यात उपयोग होतो?

चांगला अनुभव आहे तो मुख्यतः या ठिकाणी: भाजल्यावरचं ड्रेसिंग आणि मेलेली कातडी काढणं, सुई आणि सलाईन, दातांचं काम, जाग्या रुग्णावर होणाऱ्या छोट्या शस्त्रक्रिया, ऑपरेशनआधीची भीती आणि नंतरचं दुखणं व मळमळ, जुनी पाठदुखी, ताणामुळे होणारी डोकेदुखी आणि अर्धशिशी, कॅन्सरच्या उपचारातला त्रास, पाय कापल्यानंतर नसलेल्या पायात येणारी कळ, आणि वारंवार बिघडणारं पोट. पोटाबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

संमोहनानं हाड जुळत नाही, सरकलेली चकती जागेवर बसत नाही, मुतखडा विरघळत नाही, गाठ जिरत नाही. असं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं.

कोणत्या दुखण्यात संमोहनाकडे वळायचंच नाही?

दुखणं हा निरोप असतो, आणि काही निरोप ताबडतोब वाचावे लागतात. पुढचं काही असेल तर १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा: छातीत दाब, त्याबरोबर घाम किंवा हात-जबड्याकडे जाणारी कळ, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी अचानक उठलेली डोकेदुखी, फळीसारखं कडक झालेलं पोट, पाठदुखीबरोबर लघवी अडणं, बसायच्या जागी बधिरपणा किंवा पायातली ताकद जाणं, अंडकोषात अचानक उठलेली कळ, पडल्यानंतर वाकडा दिसणारा हात-पाय.

रात्री झोपेतून उठवणारी, वजन घटवणारी किंवा तापाबरोबर येणारी पाठदुखी आधी तपासून घ्या. कॅन्सर किंवा हाडाचा टीबी असताना पाठ बधिर करून घेणं म्हणजे महिने वाया घालवणं.

साप चावल्यावर तर एक मिनिटही यात घालवू नका. ऊस आणि हळदीच्या शिवारात हे प्रसंग येतात म्हणून मुद्दाम लिहितो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

पहिल्या बैठकीत काय होतं?

पहिली बैठक एक ते दीड तासाची असते आणि तिचा बराच वेळ बोलण्यात जातो. दुखणं कधीपासून, कशानं वाढतं, कशानं उतरतं, झोप किती, औषधं कोणती, एक्स-रे आणि एमआरआय काय सांगतात. कागद घेऊन जावेत. मग काय करणार आहोत ते समजावून सांगून संमती घेतात.

प्रत्यक्ष संमोहन वीस-पंचवीस मिनिटांचं. आधी डोळ्यांच्या पातळीच्या थोडं वरच्या एका बिंदूकडे पाहायला सांगतात. पापण्या दमल्या की डोळे मिटतात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढाव्यात. श्वास चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, असं दहाबारा वेळा. मग कपाळापासून तळपायापर्यंत एकेक अवयव सैल सोडणं. यात आठ-दहा मिनिटं जातात. त्यानंतर लक्ष अधिक खोल नेण्यासाठी एखादं चित्र किंवा उलटी मोजणी, मग दुखण्यावरच्या मूळ सूचना दहा-पंधरा मिनिटं. शेवटी एक खूण ठरवून देतात. उदाहरणार्थ, अंगठा आणि तर्जनी जुळवली की हाच सैलपणा परत येईल. मग एक ते पाच मोजून पूर्ण जागं करतात.

ही शेवटची पायरी घाईत उरकली तर डोकं जड वाटतं, थोडं गरगरतं. पुन्हा डोळे मिटून, सावकाश मोजून, हात-पाय ताणून जागं केलं की ते जातं. त्यानंतर पंधरा मिनिटं बसूनच राहा आणि दुचाकी लगेच काढू नका.

चित्र निवडताना चुका होतात. खोल जाण्यासाठी पायऱ्या उतरण्याचं चित्र फार वापरलं जातं, पण गुडघेदुखीच्या आजींना मनातल्या मनात घाटाच्या वीस पायऱ्या उतरायला लावलं तर त्यांचे गुडघे आवळतात. त्यांना झोपाळा किंवा ओसरीवरचं ऊन जास्त मानवतं.

सूचना म्हणजे नेमकं काय बोलतात?

इथेच सगळं कौशल्य आहे, आणि इथेच आपली भाषा कामाला येते. इंग्रजी पुस्तकातली वाक्यं मराठीत उतरवून वाचून दाखवली तर ती रुग्णाला लागत नाहीत. रुग्ण ज्या शब्दात दुखणं सांगतो तोच शब्द पकडायचा असतो. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा: ठणका, कळ, चमक, सणक, उसण, रग, ओढ, शूळ, ठसठस, चुरचुर, भगभग, आग, मुंग्या, सल. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आणि उतारही वेगळा.

आग होत असेल, भगभगत असेल, तर सूचना गारव्याची. माठातलं पाणी, ओला पंचा, पहाटेची फरशी. ओढ आणि रग असेल तर सैलपणाची: दाव्याचा पीळ एकेक वेढा उलगडतोय, मळलेली कणीक झाकून ठेवल्यावर मऊ पडतेय. ठणक्याला ठेका असतो, म्हणून त्याला एकदम थांबवायला जाऊ नये. ठोक्यांमधलं अंतर वाढवत न्यावं, लांब जाणाऱ्या ढोलासारखं. चमक आणि सणक क्षणात येऊन जातात. तिथे दोन चमकांच्या मधल्या मोकळ्या वेळेकडे लक्ष नेतात, कारण येणाऱ्या चमकेची वाट पाहत अंग आखडून बसण्यातच निम्मी शक्ती जाते. मुंग्यांना कोमट उब.

आता चुकीच्या सूचना. 'दुखणार नाही, दुखणार नाही' असं घोकलं की मनात राहतं ते दुखणंच. त्याऐवजी 'हात गार आणि जड होतोय' असं हवी असलेली गोष्ट सांगणारं वाक्य लागतं. 'प्रयत्न करा' हेही टाळावं, कारण प्रयत्न म्हटलं की अंग ताठतं. 'आजी, खांदा सैल सुटतोय, सुटू दे त्याला' इतकं साधं बरं.

शब्दांचा परिणाम संमोहनाशिवायही होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणासाठी आलेल्या १४० स्त्रियांना पाठीत भुलीची सुई देण्याआधी त्वचा बधिर करायचं इंजेक्शन देताना दोन प्रकारे बोललं गेलं. काहींना 'मोठी मधमाशी चावल्यासारखं वाटेल, हाच सगळ्यात वाईट भाग' असं, तर काहींना 'ही जागा बधिर करतोय, तुम्हाला बरं वाटेल' असं. सुई तीच, पण पहिल्या गटाला ती जास्त दुखली. नर्सताईंनी आणि नातेवाइकांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे.

'हातमोजा' पद्धत काय असते?

हात आधी बधिर करायचा आणि मग ते बधिरपण दुखऱ्या जागी न्यायचं. शिकायला सोपी आहे.

पहिल्या दिवशी एका पातेल्यात माठाचं गार पाणी घेऊन हात मनगटापर्यंत तीस-चाळीस सेकंद बुडवा आणि काय काय वाटतं ते नीट टिपा: आधी बोटांची टोकं गार, मग झिणझिण्या, मग जाडसरपणा. हात पुसून डोळे मिटा आणि श्वास संथ झाल्यावर तोच क्रम मनात परत आणा. हातावर जाड कातडी मोजा चढतोय, बोटं फुगल्यासारखी, स्पर्श लांबून आल्यासारखा. पाच-सात मिनिटांत फरक जाणवला की दुसऱ्या हाताच्या नखानं हलकेच टोचून दोन्ही हातांतला फरक बघा. मग बधिर हात दुखऱ्या जागी ठेवा आणि प्रत्येक श्वास सोडताना गारवा तिथे झिरपतोय असं पाहा. शेवटी हात चोळून, मुठी उघडझाप करून त्याची जाण पूर्ण परत आणायची. हे विसरलं तर हात बराच वेळ 'परका' वाटत राहतो.

मधुमेहानं पाय आधीच बधिर झालेल्यांनी बर्फ किंवा गार पाण्याचा प्रत्यक्ष सराव करू नये. त्यांना उबेची कल्पना दिली जाते, तीही मनातल्या मनात.

पहिल्याच दिवशी काही झालं नाही. मला होत नसेल का?

संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ पासून तयार झालेल्या मोजपट्ट्यांत बारा छोट्या कसोट्या असतात. ढोबळमानाने दहातल्या एकदोघांना फार चांगलं जमतं, तेवढ्याच लोकांना फारसं जमत नाही, आणि बाकीचे मधले. याचा बुद्धीशी, शिक्षणाशी किंवा मन कमकुवत असण्याशी संबंध नाही. २०१९ साली ८५ प्रयोग एकत्र करून काढलेल्या हिशेबात, चांगला प्रतिसाद देणाऱ्यांचं दुखणं सरासरी ४२ टक्क्यांनी आणि मध्यम प्रतिसाद देणाऱ्यांचं २९ टक्क्यांनी कमी झालं. हे प्रयोगशाळेतलं दुखणं होतं, हे ध्यानात ठेवावं. जुन्या पाठदुखीत आकडे इतके सरळ येत नाहीत.

तीन-चार बैठकांनंतरही काहीच फरक नसेल तर पद्धत बदलतात किंवा थांबतात. 'तुमचा विश्वासच कमी पडला' असं म्हणून रुग्णावर ढकलणं चुकीचं आहे.

घरी रोज काय करायचं?

खरा फायदा घरच्या सरावातूनच होतो. दिवसातून दोनदा, दहा ते पंधरा मिनिटं. खुर्चीत पाठ टेकून बसा. आडवं झालं की झोप लागते आणि सराव राहून जातो. अर्थात झोपेचीच तक्रार असेल तर रात्रीचा सराव आडवं होऊन करायला हरकत नाही.

पोटभर जेवणानंतर तासभर थांबा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिले दोन आठवडे दुखणं कमी असतानाच सराव करा. पुष्कळजण नेमकं कळ टिपेला पोचल्यावर पहिल्यांदा करून बघतात आणि 'याचा उपयोग नाही' म्हणून सोडतात. पोहायला कुणी पुराच्या पाण्यात शिकत नाही. तीन-चार आठवड्यांत खूण पक्की होते, म्हणजे बोटं जुळवून दोन-तीन श्वासांत अंग सैल पडायला लागतं. मग ती दुखण्याच्या सुरुवातीलाच वापरायची.

फरक पडतोय हे मोजायचं कसं?

वहीत रोज तीन नोंदी: शून्य ते दहामध्ये दुखणं किती, त्याचा त्रास किती, आणि आज दुखण्यामुळे कोणतं काम राहिलं. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर कृष्णेचं पाणी वाचतात तसं, एकाच ठरलेल्या वेळी, मनानं कमीजास्त न करता. दर तासाला 'आता किती दुखतंय' असं पाहत बसू नका, त्यानं लक्ष पुन्हा तिथेच जातं. सुरुवातीला बहुतेकांचा त्रासाचा आकडा आधी उतरतो, दुखण्याचा तसाच राहतो. ते चांगलं लक्षण आहे. गोळ्या किती घेतल्या तेही लिहा.

दिवसभर ऊसतोड किंवा द्राक्षबागेत काम असतं. पंधरा मिनिटं कुठून आणायची?

मोळी बांधून झाल्यावर किंवा ट्रॉली भरल्यावर मिळणाऱ्या दोन मिनिटांत सहा संथ श्वास आणि बोटांची खूण, असं दिवसात पाच-सहा वेळा करा. रात्री एकदा दहा मिनिटं.

पण एक धोका सांगायलाच हवा. अंगमेहनत करणाऱ्या माणसाची पाठ किंवा खांदा पूर्ण बधिर करू नये. मोळीचं वजन तेवढंच राहतं, फक्त स्नायू ओरडायचा थांबतो, आणि मग चकती किंवा स्नायू आणखी दुखावतो. अशा वेळी सूचना मुद्दाम अपुरी ठेवतात: दुखणं दोनवर राहू दे, नवीन दुखणं मात्र लगेच कळू दे. वाकण्याची, उचलण्याची पद्धत आणि फिजिओथेरपीचा व्यायाम याला पर्याय नाही.

संमोहनावर बिनभुलीचं ऑपरेशन होतं का?

झालेली आहेत, तीही आपल्या देशात. बंगालमध्ये हुगळी इथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यविशारदानं १८४५ पासून, त्या काळी ज्याला मेस्मेरिझम म्हणत त्या पद्धतीनं, हत्तीरोगाच्या प्रचंड गाठींसारख्या शस्त्रक्रिया केल्या. त्याचे मदतनीस एकेका रुग्णावर तासन्‌तास हात फिरवत बसत. १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली गेली आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आलं. मिनिटांत आणि सर्वांवर चालणारी भूल मिळाल्यावर मेस्मेरिझम मागे पडला. ते योग्यच झालं.

आज संमोहन भुलीच्या जोडीनं वापरतात. बेल्जियममधल्या लिएझच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९२ पासून थायरॉइडसारख्या शस्त्रक्रिया जागा बधिर करणारं इंजेक्शन, शामक औषधाचा कमी डोस आणि संमोहन अशा तिहेरी पद्धतीनं हजारो रुग्णांवर झाल्या. भूलतज्ज्ञ शेजारीच असतो आणि गरज पडली तर पूर्ण भूल देतो. २००० साली अमेरिकेत २४१ रुग्णांवर, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडात नळी घालण्याच्या प्रक्रियांमध्ये हे तपासलं. नेहमीच्या पद्धतीत सरासरी ७८ मिनिटं लागली, स्वसंमोहन शिकवलेल्यांना ६१. वेळ वाढेल तसं बाकीच्यांचं दुखणं चढत गेलं, यांचं चढलं नाही. २००७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी फक्त पंधरा मिनिटं संमोहन दिलेल्या स्त्रियांना भुलीचं औषध कमी लागलं आणि नंतरचं दुखणं, मळमळ व थकवा कमी झाला.

म्हणून तुमचं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला 'भूल नको' असं सांगू नका. भूलतज्ज्ञांच्या तपासणीच्या वेळी एवढं विचारा: मी श्वासाचा सराव शिकलोय, टेबलवर इअरफोन चालतील का, भूल चढेपर्यंत दोन मिनिटं शांतता मिळेल का? पुष्कळजण आनंदानं होकार देतात.

बाळंतपणात?

२०१६ पर्यंतच्या नऊ चाचण्यांचा, जवळपास तीन हजार स्त्रियांचा एकत्र आढावा असा: संमोहन शिकलेल्यांना एकूण वेदनाशामक औषधं कमी लागली असावीत, पण पाठीतल्या भुलीच्या सुईच्या, म्हणजे एपिड्युरलच्या, वापरात ठोस फरक दिसला नाही. सराव सातव्या महिन्याच्या आसपास सुरू करावा, कळा सुरू झाल्यावर शिकणं अवघड जातं. आणि एपिड्युरल घ्यावंसं वाटलं तर ते घ्या, त्यात हरल्यासारखं काही नाही.

लहान मुलांना करता येतं का?

मुलांना मोठ्यांपेक्षा सहज जमतं, विशेषतः सात-आठ वर्षांच्या पुढे. त्यांना डोळे मिटायलाही लावत नाहीत. 'बाळा, हातातला दिव्याचा खटका बंद कर बघू, आता हात झोपला' अशा खेळातून होतं. बुडबुडे फुंकणं, पतंगाला ढील देणं, आवडीच्या गोष्टीत शिरणं. सुई टोचताना होणाऱ्या त्रासात याचा उपयोग चाचण्यांत दिसलेला आहे. आई-वडिलांनी फक्त दोन गोष्टी टाळाव्यात: 'काहीच होणार नाही' असं खोटं बोलणं, आणि 'रडलास तर डॉक्टर मोठी सुई देतील' अशी धमकी.

पोट वारंवार बिघडतं, तपासण्या नॉर्मल आहेत. त्यात कसं करतात?

आतड्याच्या या तक्रारीला आयबीएस म्हणतात. मँचेस्टरला १९८४ साली तीस रुग्णांवर याचा पहिला नियंत्रित अभ्यास झाला, आणि नंतर तिथेच आठवड्याला एक अशा साधारण बारा बैठकांचा क्रम बसला. ब्रिटनच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वर्षभर औषधांनी फरक पडला नाही तर याचा विचार करावा.

पोटावर तळहात ठेवून उब आत उतरतेय अशी सुरुवात करतात. मग आतड्याची हालचाल नदीसारखी पाहायची. जुलाबाचा त्रास असेल तर खळाळ ओसरून पात्र भरल्या अंगानं चाललंय, बद्धकोष्ठ असेल तर अडलेला प्रवाह मोकळा होतोय. सांगलीत मात्र एक काळजी घ्यावी लागते. कृष्णेचं चित्र देण्याआधी रुग्णाला विचारावं. ज्यांच्या घरात २०१९ च्या महापुराचं पाणी शिरलं होतं त्यांना वाढत्या नदीची कल्पना घाबरवू शकते. त्यांच्यासाठी पाटाचं पाणी, ठिबकचा थेंब किंवा जात्यातून पडणारं पीठ असं दुसरं काही घ्यावं. वजन घटणं, शौचातून रक्त, रात्री उठवणारे जुलाब हे असेल तर आधी तपासणी.

संमोहनात माझ्याकडून गुपितं वदवून घेतील का? आणि जागच आली नाही तर?

नको असलेलं तुम्ही बोलत नाही, खोटंही बोलू शकता. जागं करणारा उठून निघून गेला तरी माणूस थोड्या वेळात आपोआप भानावर येतो, किंवा झोप लागून मग उठतो.

मोठा धोका वेगळाच आहे. संमोहनात 'आठवलेल्या' जुन्या घटना खऱ्याच असतात असं नाही. सूचनेमुळे न घडलेली गोष्टही घडल्यासारखी वाटू शकते, आणि ती ठाम वाटते. दुखण्यावर इलाज म्हणून कुणी मागच्या जन्मात किंवा विसरलेल्या बालपणात नेऊ लागलं तर नकार द्या. दुखणं कमी करण्यासाठी त्याची गरज नसते.

हे वशीकरण किंवा अंगात येण्यासारखंच नाही का?

अंगात येतं तेव्हाही लक्ष एकवटलेलं असतं आणि टोचलेलं, भाजलेलं कमी जाणवतं, एवढं साम्य आहे. पण उपचारात रुग्णाला काय होणार ते आधी माहीत असतं, तो कधीही थांबवू शकतो, आणि शेवटी ते कसब त्याच्याच हाती येतं. वशीकरण म्हणजे दुसऱ्याचं मन ताब्यात घेणं, तसं संमोहनात होत नाही. जत्रेतल्या प्रयोगात स्टेजवर चढणारे लोक आधीच निवडलेले, उत्साही असतात. करणी किंवा भानामतीचं नाव घेऊन 'संमोहनानं उतरवतो' म्हणणारा माणूस उपचार करत नाहीये.

कुणी करू नये?

भास होणं, संशयानं पछाडलेलं असणं, तीव्र उन्मादाचा झटका चालू असणं, अशा वेळी संमोहन टाळतात किंवा मानसोपचारतज्ज्ञच ठरवतात. फिट्सचा आजार असेल तर आधी सांगा. नशेत असलेल्या माणसावर बैठक घेत नाहीत. जुन्या दुखण्यानं मन खचून जगणं नकोसं वाटत असेल तर संमोहनाची वाट पाहू नका, टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला, तिथे मराठीतही बोलता येतं.

कुणाकडे जावं? खरा जाणकार कसा ओळखावा?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नोव्हेंबर २००३ च्या पत्रात संमोहनाला उपचाराची एक रीत मानलं आणि ती नोंदणीकृत डॉक्टर किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनं वापरावी असं सांगितलं. ही वेगळी वैद्यकशाखा नाही, त्यामुळे केवळ संमोहन शिकून कुणी 'डॉक्टर' होत नाही.

सरळ विचारा: मूळ शिक्षण काय? महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी आहे का? मानसशास्त्रज्ञ असाल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची आहे का? संमोहनाचं प्रशिक्षण किती दिवसांचं, कुणाच्या देखरेखीखाली? संमोहनाशिवाय माझ्या दुखण्यावर तुम्ही काय उपचार करता? शेवटचा प्रश्न फार कामाचा. संमोहन काढून घेतलं तर ज्याच्याकडे काहीच उरत नाही, त्यानं दुखण्याला हात लावू नये.

शंभर टक्के हमी, एकाच बैठकीत कायमचा इलाज, दहा बैठकांचे पैसे आधीच, दार बंद करून नातेवाइकांना बाहेर, 'गोळ्या आजपासून बंद': यातलं एक जरी दिसलं तरी परत फिरा. स्त्री रुग्णांनी सोबत कुणाला बसवण्याचा आग्रह धरावा. त्याला कुणी हरकत घेऊ नये.

गोळ्या कधी बंद करता येतील?

ज्यांनी सुरू केल्या त्यांनाच विचारून. ट्रामाडोल, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधं एकदम सोडली तर घाम, बेचैनी, झोपमोड, मळमळ होते आणि रुग्णाला वाटतं दुखणंच उलटलं. स्टेरॉइड अचानक थांबवणं तर जिवावर बेतू शकतं. दोन-तीन आठवड्यांची नोंदवही दाखवली की डॉक्टरांना डोस हळूहळू उतरवणं सोपं जातं.

किती बैठका लागतात?

ऑपरेशन किंवा ड्रेसिंगसाठी एक ते तीन, जुन्या दुखण्याला साधारण चार ते दहा. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी एखादी उजळणी. बैठक बहुधा आठवड्यातून एक.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून चालतं का?

तुमच्याच बैठकीत, तुमच्या शब्दांत केलेलं रेकॉर्डिंग सर्वात उत्तम. कुणाचंही आयतं रेकॉर्डिंग आराम देऊ शकतं, पण ते तुमच्या ठणक्याला आग समजून गारवा घालत बसेल. गाडी चालवताना, मोटर किंवा कडबाकुट्टी चालू असताना, चुलीजवळ किंवा विहिरीच्या काठावर ऐकायचं नाही. आणि पाच-सहा आठवड्यांनी ते बंद करून नुसत्या श्वासावर आणि खुणेवर करून बघा. वीज गेली, फोन बंद पडला, अर्ध्या रात्री कळ आली, तरी जमलं पाहिजे.

घरच्यांनी काय करावं?

दहा मिनिटं टीव्हीचा आवाज कमी. 'आता कसं वाटतंय?' हे दर थोड्या वेळानं विचारू नये, त्याऐवजी 'चहा घेता का?' विचारावं. ड्रेसिंगच्या वेळी सोबत असाल तर हात धरून त्यांच्याबरोबर सहा मोजत श्वास सोडा, आणि जखमेकडे पाहून चेहरा वाकडा करू नका, कारण त्यांचे डोळे त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावरच असतात.